कर्जतला ‘एस’ का म्हणतात?

बेलवलीला स्वतःचे स्टेशन नाही. पाहुण्यांना ‘बदलापूरला उतरा’ असे सांगितले जाते आणि पाठोपाठ बजावले जाते, ‘कर्जत चालेल, खोपोली चालेल, कसारा मात्र पकडू नका!’ कल्याणपर्यंत वाट एकच. तिथे रुळांना फाटा फुटतो. एक विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथकडे येतो, दुसरा शहाड-टिटवाळ्याकडे जातो. चुकीच्या गाडीत बसलेल्याला डुलकी लागली, तर रात्रीच्या वेळी भलताच वळसा पडतो.

हा फाटा इंडिकेटरवर ओळखायचा कसा? इंग्रजी अक्षरांवरून. कल्याणचा ‘के’, अंबरनाथचा ‘ए’, बदलापूरचा ‘बीएल’. इथवर ठीक. पण वर्षानुवर्षे कर्जतला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’! नावात शोधून ही अक्षरे सापडायची नाहीत. कल्याणहून निघणाऱ्या शाखा म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘नॉर्थ-ईस्ट’ आणि ‘साउथ-ईस्ट’. त्यांची ही आद्याक्षरे. ही सोय रेल्वेच्या माणसांची, प्रवाशाची नव्हे. त्यात धिम्या गाडीचे अक्षरही ‘एस’च. रोजचा प्रवासी हे सारे एका नजरेत वाचतो खरा, पण ते त्याला शेजारच्या प्रवाशाने शिकवलेले असते, पाटीने नव्हे.

उलट स्टेशनाच्या नावाची पिवळी पाटी पाहा. पिवळ्यावर काळी अक्षरे लांबून, धावत्या गाडीतूनही वाचता येतात. मराठीत ‘बदलापूर’, हिंदीत ‘बदलापुर’ आणि खाली इंग्रजी. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी एवढी जागा, म्हणून हसू येते. पण दोन्ही भाषांचा मान त्यात राखला जातो. पहिल्या वर्गाच्या डब्यावरचे लाल-पिवळे तिरपे पट्टे तर अक्षरओळख नसलेल्यालाही कळतात.

मनात आणले तर रेल्वेला बदलता येते. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट आपापले एकपासून मोजले जात. ‘एक नंबरवर भेट’ म्हटले की माणसे दोन ठिकाणी उभी! डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठ ते चौदा क्रमांक मिळाले. खर्च तो काय? पाट्या, रंग आणि उद्घोषणांतला थोडा फेरफार. सवय मोडताना पहिले काही दिवस प्रवासी कुरकुरले असतील, पण नवख्याचा घोळ कायमचा मिटला.

कल्याणच्या फाट्यालाही असाच न्याय लावता येईल. अक्षर राहू द्या, जुन्यांना त्याची सवय आहे. त्याच्या शेजारी ठळक मराठीत ‘विठ्ठलवाडीमार्गे’ किंवा ‘शहाडमार्गे’ एवढे लिहिले, की बेलवलीच्या पाहुण्याला फलाटावर कुणाला विचारत फिरावे लागणार नाही.