‘जुन्या फिल्मसारखं हवंय’ म्हणणाऱ्या ग्राहकाला आधी विचारा: कुठलं जुनं?



लग्नाचे किंवा छोट्या ब्रँडचे व्हिडिओ करून देण्याच्या धंद्यात उतरायचं ठरवलं असेल, तर एक वाक्य तुमच्या कानावर लवकरच येणार आहे. "आम्हाला ना, ते जुन्या फिल्मसारखं हवंय." काही ग्राहकांना फोनमधला फिल्टर पुरतो. पण काही जण खरी फिल्म मागतात, म्हणजे सुपर ८ नाहीतर १६ एमएम. त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्यांची तयारीही असते.

संधी चांगली आहे, पण धोका तेवढाच मोठा आहे. कच्चा माल महाग, शूट झालेलं तिथल्या तिथे बघता येत नाही आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. म्हणून आज एकच गोष्ट पक्की करू या: जुना लूक शूटिंगनंतर ‘टाकायचा’ नसतो. तो ऑर्डर घेताना, फिल्म निवडताना आणि उजेड बघताना ठरतो.

१. ग्राहकाच्या डोक्यातलं ‘जुनं’ ओळखा

आपल्याकडे ‘जुनं’ म्हणजे साधारण तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट. पसरलेले रंग, आडव्या रेघा, कोपऱ्यात तारीख. ही फिल्म नाहीच, ही व्हीएचएस टेप. हे हवं असेल तर एखादा जुना टेपवाला कॅमकॉर्डर फार कमी खर्चात काम करून देईल.

दुसरी, सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमातलं गाणं. तो माल ३५ एमएमचा. मोठी फ्रेम, मोठे लाइट, मोठं युनिट. सुपर ८ वर तो थाट येत नाही.

तिसरी, घरगुती फिल्म. समुद्रकिनारा, अंगणात पळणारी मुलं, थोडं हलणारं चित्र, दाणेदार पोत. खरं सुपर ८ चं काम इथे आहे.

तेव्हा ग्राहकाला म्हणा, "तुम्हाला आवडलेले दोन-तीन व्हिडिओ मोबाइलवर दाखवा." दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचा सगळा गैरसमज इथेच टळतो.

२. तो लूक मुळात आला कुठून?

कोडॅकने १६ एमएम आणली १९२३ मध्ये, ८ एमएम १९३२ मध्ये आणि सुपर ८ १९६५ मध्ये. अमेरिका-युरोपातल्या घराघरांत याच फिल्मवर मुलांचे वाढदिवस आणि सहली टिपल्या गेल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली फिल्म म्हणजे कोडाक्रोम.

कोडाक्रोमला उजेड भरपूर लागायचा. सुपर ८ मधल्या कोडाक्रोम ४० चा वेग बल्बच्या उजेडात ४० आणि उन्हात फिल्टर लावून जेमतेम २५. मग लोक शूट कुठे करणार? भर उन्हात! सूर्य कॅमेरावाल्याच्या पाठीशी आणि माणसं उन्हाकडे तोंड करून. घरात शूट करायचं तर हातात प्रखर दिवा धरायचा, म्हणून त्या फिल्ममधली माणसं डोळे किलकिले करताना दिसतात. गडद निळं आकाश, भडक लाल स्वेटर, काळीकुट्ट सावली: हा सगळा लूक त्या फिल्मच्या मर्यादेतून आला आहे.

अमेरिकेच्या डॅलस शहरात १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याची अब्राहम झॅप्रुडरने घेतलेली सुमारे २६ सेकंदांची फिल्म तुम्ही कदाचित पाहिली असेल. झॅप्रुडर हा कपड्यांचा व्यावसायिक, हौस म्हणून ८ एमएम कॅमेरा बाळगणारा. भर दुपारचं ऊन आणि कोडाक्रोम. त्या फिल्ममधलं हिरवं गवत आणि गुलाबी पोशाख आजही डोळ्यांत भरतात.

इथून धंद्यासाठी दोन धडे घ्या. एक, कोडाक्रोम आता रंगीत धुऊन मिळत नाही. जगातल्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ड्वेन्स फोटोने, २०१० च्या अखेरीस ते काम घेणं बंद केलं. कुणी ऑनलाइन जुनी कोडाक्रोम कार्ट्रिज ‘ऑथेंटिक’ म्हणून स्वस्तात विकत असेल, तर हात लावू नका.

दोन, ओरखडे, धूळ आणि उडालेला रंग हे फिल्मचं वय आहे, तिचा जन्मजात गुण नाही. प्रोजेक्टरवर वर्षानुवर्षं चालून ओरखडे पडतात. लॅबमधून आलेली ताजी फिल्म स्वच्छच असते. हे आधी सांगितलं नाही, तर तोच ग्राहक म्हणेल, "ही फिल्म वाटतच नाही!"

३. फिल्म निवडताना

आज सुपर ८ मध्ये मुख्य दोन वाटा आहेत.

*निगेटिव्ह:* कोडॅकची व्हिजन ३ मालिका, म्हणजे ५०डी, २००टी आणि ५००टी. ‘डी’ म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, ‘टी’ म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी. ही फिल्म चुका पोटात घालते. उजेड एक स्टॉप जास्त गेला तर उलट दाणा कमी होतो, रंग मऊ होतात. कमी गेला मात्र सावल्या चिखलासारख्या दिसतात. लग्नासाठी हीच सुरक्षित.

पण लक्षात घ्या, ही आजची फिल्म आहे. तिचा कॉन्ट्रास्ट सौम्य असतो. कोडाक्रोमसारखा ठसका हवा असेल, तर समोरून ऊन घ्या, कपडे आणि जागा ठळक रंगांच्या निवडा आणि स्कॅननंतर कॉन्ट्रास्ट वाढवा.

*रिव्हर्सल:* रंगीत हवी तर एक्टाक्रोम १००डी, ब्लॅक अँड व्हाइट हवी तर ट्राय-एक्स. यात धुतलेली पट्टी म्हणजेच पॉझिटिव्ह चित्र. रंग भरलेले, सावल्या गडद, जुन्या लूकच्या सगळ्यात जवळ. पण एक्स्पोजर चुकलं की संपलं. प्रत्येक शॉटला मीटर बघायची सवय होईपर्यंत पैसे घेतलेल्या कामात हिला हात नको.

४. कॅमेरा घेताना

सुपर ८ कॅमेरे बहुतेक जुनेच मिळतात. घेताना हे तपासा:

- सेल घालून मोटर एकसारखी चालते का. सेलच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना.
- लेन्समध्ये बुरशी नाही ना. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हा नेहमीचा रोग आहे.
- खिडकीकडून अंधाराकडे वळलात की मीटरचा काटा हलतो का. काही जुन्या मीटरना १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागायचे, ते आता बंद झालेत. तिथे १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगू शकतं.
- कॅमेरा कुठले फिल्म-वेग ओळखतो. बरेच साधे कॅमेरे ४० आणि १६० एवढेच ओळखतात. ५०डी ला ४० धरलं किंवा २००टी ला १६० धरलं तर निगेटिव्ह सांभाळून घेतं. रिव्हर्सलला ही चैन नाही.
- आतला नारिंगी फिल्टर. उन्हात टी फिल्म असेल तर तो हवा, डी फिल्म असेल तर नको. उलट झालं तर रंग बिघडलाच म्हणून समजा.

५. शूटिंगच्या दिवशी

एका सुपर ८ कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, म्हणजे ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद, २४ ने फक्त अडीच मिनिटं. सहा सेकंदांचा एक शॉट धरला, तर १८ वर ३३ शॉट आणि २४ वर २५. बस्स. त्यामुळे आदल्या दिवशी कागदावर शॉटची यादी हवीच.

जुन्या घरगुती फिल्मचा डौल १८ फ्रेममध्ये जास्त येतो. फक्त १८ वर शूट करून २४ ने चालवलं तर माणसं दुडूदुडू पळताना दिसतात. कुठल्या वेगावर शूट केलं, ते लॅबला लिहून द्या.

लग्नात फिल्मसाठी प्रसंग निवडताना उजेड बघा. अंगणातली हळद, दारातली रांगोळी, वऱ्हाड उतरताना, मुंडावळ्या बांधताना खिडकीजवळची नवरी. हॉलमधल्या अंतरपाटाला ५००टी लागेल, तिथेही समोरून उजेड मिळेल अशी जागा धरा. रंगीत एलईडीच्या पट्ट्या आणि फ्लेक्स फ्रेममध्ये आले की जुनेपणा तिथेच संपतो. शॉट लांबवू नका, झूम सतत करू नका. त्या काळी फिल्म महाग म्हणून लोक छोटे छोटे तुकडे घ्यायचे, ती चाल आपोआप येऊ द्या.

आजच्या कार्ट्रिजमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही आणि कॅमेऱ्याची घरघर मोठी असते. मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, कॅमेऱ्यापासून लांब.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, पण वापरायच्या काही तास आधी बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट उघडू नका. उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानात टाकू नका. हातात ठेवा आणि मशिनऐवजी हाताने तपासायची विनंती करा.

६. स्कॅन म्हणजे निम्मं काम

फिल्म विकत घेण्याआधी लॅब ठरवा, उलटं नको. व्हिजन ३ साठी ईसीएन-२ प्रक्रिया लागते, एक्टाक्रोमसाठी ई-६. लॅबला चार गोष्टी विचारा: कुठली प्रक्रिया करता, किती दिवस लागतील, स्कॅन किती रिझोल्यूशनचा आणि ‘फ्लॅट’ फाइल मिळेल का. फ्लॅट फाइल फिकट दिसते, पण रंग हवे तसे बसवता येतात. ओव्हरस्कॅन मिळत असेल तर घ्या. त्यात फ्रेमच्या गोल कडा आणि बाजूचं भोक दिसतं आणि ग्राहकाला खरी फिल्म ओळखू येते.

७. आता हिशेब

समजा फिल्म, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर मिळून एका कार्ट्रिजला १०,००० रुपये पडले. (हा आकडा फक्त हिशेब समजण्यासाठी. तुमचा आकडा लॅबचं कोटेशन घेऊनच काढा.) ग्राहकाला तीन मिनिटांची फिल्म हवी आणि निम्मे शॉट कामाचे निघतील असं धरलं, तर दोन कार्ट्रिज लागतील आणि एक राखीव. तुमची मजुरी धरायच्या आधीच ३०,००० रुपये झाले. ही रक्कम पूर्ण आगाऊ घ्या. कच्च्या मालात उधारी केली, तर पहिल्याच ऑर्डरला भांडवल अडकेल.

करारात तीन ओळी असू द्या. एक: फिल्म ही डिजिटल व्हिडिओच्या सोबत आहे, त्याच्याऐवजी नाही. दोन: फिल्म लॅबमध्ये किंवा वाटेत खराब झाली, तर फिल्मच्या भागाचे पैसे परत मिळतील. तीन: फाइल लॅबच्या वेळेनुसार मिळेल, लग्नानंतर आठवड्याभरात नाही.

आणि डिजिटलवर फिल्टर लावून देत असाल, तर बिलावर ‘फिल्म लूक’ लिहा, ‘फिल्म’ लिहू नका. स्वस्त पर्याय देण्यात कमीपणा नाही. पण एकदा खोटं उघडं पडलं, तर त्या घरातून दुसरं लग्न मिळत नाही आणि आपला धंदा तोंडी शिफारशीवरच चालतो.

या आठवड्याचं काम

पहिली ऑर्डर घेण्याआधी एक कार्ट्रिज स्वतःच्या खर्चाने शूट करा. दहा शॉट उन्हात, दहा सावलीत, बाकीचे घरात. प्रत्येक शॉटची वेळ, उजेड आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. स्कॅन आला की वही शेजारी ठेवून बघा. ही तुमची फी आहे, ती गुंतवणूक म्हणून खात्यात मांडा. त्यातले चांगले पंधरा शॉट जोडले की ग्राहकाला दाखवायला नमुनाही तयार. मग पुढच्या वेळी कुणी "जुन्या फिल्मसारखं हवंय" म्हणालं, की मोबाइल पुढे करून विचारता येईल, "हे जुनं हवंय का?"