जपानी गीतांची सूची आणि आपली वर्णमाला

आगगाडीच्या लांबच्या प्रवासांत किंवा पावसाळ्यांतील एखाद्या सायंकाळीं गाण्याच्या भेंड्या लावण्याचा खेळ आपणांपैकीं बहुतेकांनीं खेळलेला आहे. समोरच्या पक्षानें एखादें अक्षर आपल्या गळ्यांत टाकलें कीं, त्या अक्षरानें आरंभ होणारें गाणें शोधण्यासाठीं आपण मनांतील सारीं गाणीं धुंडाळतों. म्हणजे त्या घटकेस आपल्या डोक्यांत गाण्यांची एक सूचीच तयार होत असते. तीच सूची कागदावर मांडावयाची झाली तर कोणत्या क्रमानें मांडावी? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु जपानी लोकांनीं त्याचें जें उत्तर दिलें आहे, तें पाहिलें म्हणजे आपल्याच घरची एक जुनी वस्तु दूरदेशीं परक्या वेषांत भेटावी तसें होतें. त्या भेटीचा वृत्तांत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

त्यासाठीं आपण एक गीत शोधावयास निघूं. 'फुरुसातो' हें जपानांतील एक अतिशय लोकप्रिय शालेय गीत आहे. तें १९१४ मध्यें सरकारी गीतपुस्तकांत छापलें गेलें. फुरुसातो म्हणजे आपलें जन्मगांव. एखाद्या मोठ्या जपानी गीतसंग्रहाच्या सूचींत तें कोठें सांपडेल?

पहिली अडचण अशी कीं, जपानी नांवें बहुधा चिनी चित्राक्षरांनीं लिहितात, आणि एकच चित्राक्षर दोन-तीन रीतींनीं वाचतां येतें. या गीताच्या नांवाचीं दोन अक्षरें 'फुरुसातो' अशीं वाचतात, तशींच तीं 'कोक्यो' अशींही वाचतां येतात. अर्थ जवळजवळ एकच. म्हणून सूची अक्षरांच्या आकारावरून न रचतां नांवाच्या पहिल्या ध्वनीवरून रचतात. नांव बरोबर म्हणतां आलें तरच गीत हातीं लागावयाचें. 'कोक्यो' म्हणणारा भलत्याच पानावर जाईल. 'उए ओ मुइते आरुको' हें १९६१ चें गीत १९६३ मध्यें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोंचलें, पण तें 'सुकियाकि' या एका खाद्यपदार्थाच्या नांवानें. जपानी सूचींत मात्र तें 'सु' खालीं नसून 'उ' खालींच शोधलें पाहिजे.

ध्वनि लिहिण्यासाठीं जपान्यांची 'काना' नांवाची लिपि आहे. तिचें प्रत्येक अक्षर आपल्या बाराखडींतील अक्षराप्रमाणें स्वरासह पूर्ण उच्चाराचें असतें. या अक्षरांचा एक जुना क्रम आहे. प्रत्येक अक्षर एकदांच येईल अशी ४७ अक्षरांची एक प्राचीन कविता आहे. तिच्या आरंभावरून त्या क्रमास 'इरोहा' म्हणतात. ती १०७९ सालच्या एका ग्रंथांत आढळते. कित्येक शतकें मुलें तीच कविता पाठ करून अक्षरें शिकलीं, आणि याद्याही तिच्याच क्रमानें लागल्या. परंतु त्या क्रमांत ध्वनींचें शास्त्र कांहीं नाहीं. कविता विसरली कीं क्रमही गेला. पुढें ओत्सुकि फुमिहिको या पंडितानें १८८९ ते १८९१ या काळांत 'गेन्काइ' हा आपला मोठा कोश प्रसिद्ध केला, तो दुसऱ्या एका क्रमानें. आज शाळा, कोश व गीतांच्या सूची यांत तोच चालतो. त्याचें नांव 'गोजूओन', म्हणजे पन्नास ध्वनि.

वाचकांनीं हा क्रम एकदां मोठ्यानें म्हणून पाहावा. प्रथम स्वर : अ, इ, उ, ए, ओ. मग पुढच्या ओळींचीं पहिलीं अक्षरें : क, स, त, न, ह, म, य, र, व. सूर ओळखीचा वाटतो ना? वाटणारच, कारण हें आपल्याच वर्णमालेचें रूप आहे. बौद्ध भिक्षूंना संस्कृत मंत्रांचे उच्चार शुद्ध राखावयाचे होते. त्यासाठीं 'सिद्धम्' नांवाच्या भारतीय लिपीचा अभ्यास चीनमार्गें जपानांत गेला. बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु ७३६ मध्यें तेथें पोंचला होता, आणि ७५२ मध्यें नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधि त्याच्याच हातून झाला. पुढें अकराव्या शतकांत सिद्धम् जाणणाऱ्या भिक्षूंनीं जपानी ध्वनींचीं कोष्टकें मांडलीं, तीं आपल्या वर्णमालेच्या धोरणानें : आधीं स्वर, मग कंठापासून ओठांकडे येणारे वर्ण, त्या त्या ठिकाणीं शेवटीं अनुनासिक, आणि अखेरीस य, र, व. जपानींत ख, घ यांसारखे महाप्राण नाहींत व ट-वर्गही नाहीं. म्हणून त्यांचें कोष्टक आपल्याहून आटोपशीर झालें.

येथें एखादा चौकस विद्यार्थी आम्हांस अडवील. आपल्याकडे स आणि ह हे वर्ण शेवटीं येतात. मग जपानी क्रमांत ते मध्येंच कसे? स ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागीं बसली आहे. त्या काळीं तिचा उच्चार च किंवा त्स यांच्या जवळचा असावा, असें पंडित मानतात. ह ची गोष्ट याहून मौजेची आहे. तो न नंतर व म च्या आधीं, म्हणजे बरोबर आपल्या प च्या जागीं बसला आहे. याचें कारण असें कीं, फार प्राचीन काळीं तो प च होता! ओठांनीं उच्चारला जाणारा हा वर्ण हळूहळू फ सारखा झाला, आणि पुढें ओठ सुटून ह झाला. उच्चार पालटला, जागा मात्र पालटली नाहीं.

याला पुरावे आहेत. १५१६ सालच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहांत, आईच्या वेळीं दोनदां भेटणारी पण बापाच्या वेळीं एकदांही न भेटणारी वस्तु कोणती असें विचारलें आहे, आणि उत्तर 'ओठ' असें दिलें आहे. आज जपानींत आईला 'हाहा' व बापाला 'चिचि' म्हणतात. 'हाहा' म्हणतांना ओठ मुळींच जवळ येत नाहींत. तेव्हां तो शब्द 'फाफा' सारखा उच्चारीत असले पाहिजेत, तरच कोडें सुटतें. जेसुइट मिशनऱ्यांनीं १६०३ मध्यें नागासाकी येथें जपानी-पोर्तुगीज कोश छापला; त्यांत ह च्या जागीं फ चें रोमन अक्षर घातलेलें आहे. त्यांचा छापखाना १५९० मध्यें गोव्यावरूनच जपानांत गेला होता. तिसरा पुरावा लिपींतच आहे. जपानींत क ला दोन लहान रेघा दिल्या कीं ग होतो, त ला दिल्या कीं द होतो, आणि ह ला दिल्या कीं ब होतो. ह आणि ब यांचें हें नातें प लक्षांत घेतल्याशिवाय उलगडत नाहीं. सूचींतही ग, द, ब यांस स्वतंत्र घर नसतें. 'दोन्गुरि कोरोकोरो' हें मुलांचें आवडतें गीत 'तो' च्याच गीतांत पाहावें लागतें.

आतां आपलें गीत सांपडेल. ह ची ओळ आज अशी म्हणतात : हा, हि, फु, हे, हो. सर्वत्र ह झाला, परंतु 'फु' म्हणतांना ओठ अजून जवळ येतात. तोच जुन्या उच्चाराचा अवशेष, आणि तेथेंच 'फुरुसातो' आहे. त्याच्या आधीं तकि रेन्तारो याचें १९०० सालचें 'हाना' व १९१२ चें 'हारु नो ओगावा' हीं गीतें येतील, आणि नंतर 'होतारु नो हिकारि', म्हणजे 'काजव्यांचा प्रकाश', हें निरोपाचें गीत येईल. या शेवटच्या गीताची चाल स्कॉटलंडांतील 'ऑल्ड लँग साइन' ची आहे.

आरंभींच्या ध्वनीकडे कान देण्याची ही संवय जपानांत सूचीपुरतीच नाहीं. जपानी भाषेंत 'उता' या एकाच शब्दानें गीत व कविता हीं दोन्ही ओळखलीं जातात. तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका यानें शंभर कवींची एकेक कविता निवडून केलेल्या संग्रहावर पत्त्यांचा एक खेळ खेळतात. वाचणारा कविता आरंभापासून म्हणूं लागतो, आणि जमिनीवर पसरलेल्या पत्त्यांतून तिच्या उत्तरार्धाचा पत्ता जो आधीं टिपील त्याची सरशी. शंभरांपैकीं मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात ध्वनींनीं आरंभणारी प्रत्येकीं एकच कविता आहे. तेथें पहिला ध्वनि कानीं पडतांच हात झेपावतो. उलट अ नें आरंभणाऱ्या १६ आहेत. तीन जोड्या तर अशा आहेत कीं, त्यांतील दोन्ही कवितांचे पहिले पांच ध्वनि अगदीं सारखे. सहावा ऐकेपर्यंत हात आवरून धरावा लागतो. तरबेज खेळाडूस शंभरही कविता त्यांच्या आरंभाच्या ध्वनींप्रमाणें मनांत लावून ठेवाव्या लागतात. ओत्सु येथील ओमी देवालयांत शाळांचे सामने भरतात.

आम्हीं स्वतः लहानपणीं वर्णमाला पाठ केली ती शिक्षेच्या धाकानें. त्या क्रमांत कांहीं विचार भरला आहे, हें आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें. विद्यार्थिमित्रहो, तुमचें तसें होऊं नये. क, च, ट, त, प हे पांच वर्ण सावकाश म्हणा, आणि जीभ कोठें टेकते, ओठ केव्हां मिटतात, तें स्वतः पाहा. आईबापांसही विनंति आहे कीं, धाकटें मूल क ख ग घ म्हणूं लागेल तेव्हां त्यास हें करून दाखवावें. दूरच्या बेटांवरील मुलें आपल्या जन्मगांवाचें गीत आजही ज्या क्रमानें शोधतात, त्या क्रमाचें जन्मगांव कोणतें, हें आपल्या मुलांस तरी ठाऊक असावें.