लेन्सचे विद्युत संपर्क झाकताना

कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला, तेव्हापासून त्यातील लेन्स आणि कॅमेरा यांचा संवाद विद्युत संपर्कांतूनच चालतो. काही टेली लेन्सना तीन जादा संपर्क असतात. मध्ये टेलिकन्व्हर्टर बसवला आहे, हे लेन्सला त्यांतून कळते.

बेंगळुरूजवळ हेसरघट्टाच्या गवताळ माळावर पक्ष्यांचे फोटो काढायचे तर ४०० मिमी, एफ/५.६ लेन्सही तोकडी पडते. तिला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की अपर्चर ५.६ × १.४, म्हणजे सुमारे एफ/८ होते आणि प्रकाश निम्मा. बऱ्याच जुन्या डीएसएलआरमध्ये एफ/५.६ च्या पुढे ऑटोफोकस बंद पडतो. ते तीन संपर्क झाकले, की लेन्स एफ/५.६ च कळवते आणि ऑटोफोकस चालू राहतो. प्रकाशमापन लेन्समधून होत असल्याने बिघडत नाही. फोटोतील अपर्चरची नोंद मात्र चुकते. अंधुक उजेडात फोकस चाचपडतो, त्याला पट्टीचा इलाज नाही. एफ/८ ला फोकस करणाऱ्या नव्या कॅमेऱ्यात ही उठाठेव करूच नये.

येथे व्होल्टेज अगदी कमी. विद्युतरोधनाला कोणतीही प्लास्टिक पट्टी पुरते. खरा प्रश्न घर्षणाचा. लेन्स फिरवून बसवताना स्प्रिंगच्या पिना पट्टीवरून घासत जातात. सेलोटेपचा गोंद उन्हात पसरून शेजारच्या संपर्कावर जातो. नेलपॉलिशचे टवके आत पडतात. पॉलिइमाइड टेप पातळ असतो आणि उष्णता सोसतो, म्हणून तोच घ्या. आधी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा, टेपच्या कडा नीट दाबा, कॅमेरा बंद ठेवूनच जोडणी करा. शेजारच्याच रांगेतून मोटरला वीज जाते. तिथे धातूची पट्टी नकोच.