तीन गुंठे गवत आणि झीरो-टर्नचा मोह

आमचं वाल्डॉर्फ म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव. जगाला ते ठाऊक आहे 'सॅप'मुळे. पण १७६३ साली इथं जन्मलेला आस्टोर अमेरिकेत जाऊन गडगंज श्रीमंत झाला, ही गोष्ट गावात अजून सांगितली जाते. आमच्यासारखे इंजिनिअर मात्र उलटी वाट धरतात. मी अमेरिकेत एम.एस. केलं आणि इथं येऊन स्थिरावलो. आधी भाड्याचा फ्लॅट, मग कर्ज काढून घर, आणि घराबरोबर न मागता गळ्यात पडलेलं लॉन!

"केवढं आहे रे?" नानांनी वाईहून फोनवर विचारलं.

"तीनशे चौरस मीटर."

"म्हणजे गुंठे किती?"

"तीन."

"मग विळा घेऊन बस की! त्यात काय एवढं?"

पण माझ्या डोक्यात विळा नव्हता, झीरो-टर्न होतं. त्याचं असं झालं, त्या उन्हाळ्यात आम्ही ओहायोतल्या माझ्या वर्गमित्राकडे गेलो होतो. त्याचं आवार दोन एकरांचं. एका शनिवारी सकाळी तो त्या यंत्रावर ऐटीत बसला आणि झाडाभोवती गर्रकन असा फिरला की आम्ही बघतच राहिलो. या यंत्राला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप आणि मोटर; डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. एक पुढं, एक मागं ढकलला की यंत्र जागच्या जागी फिरतं. नांगर वळवताना आतला बैल जागीच थबकतो, बाहेरचा फिरून येतो. इथं आतला बैल चक्क मागं चालतो म्हणा ना! अमेरिकेच्या मिसूरी-कॅन्सस भागात ही कल्पना आकाराला आली. मोठी मैदानं पाहता ते साहजिकच होतं.

मित्रानं माझ्या आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर बसवून एक फेरी मारली. मी हौसेनं फोटो काढले. मुलगा उतरल्यावर पाचच मिनिटांत मित्र तळ्याच्या बाजूच्या उतारावर गेला. गवतावर दव होतं. मागची चाकं घसरली आणि यंत्र आडवं सरकत थेट पाण्याच्या दिशेनं निघालं. तो दांडे ओढतोय, पण उपयोग शून्य! काठापासून दोन हातांवर एका झुडपाला अडकून ते थांबलं. मित्राला काही झालं नाही, विजार तेवढी चिखलानं भरली. सगळे हसलो. बायको मात्र हसली नाही, आणि त्या दिवशी माझ्याशी बोललीही नाही.

रात्री मला झोप आली नाही. इंजिनिअर असून मी हे आधी का पाहिलं नाही? या यंत्राची पुढची चाकं सामानाच्या ट्रॉलीसारखी मोकळी फिरतात. वळणं आणि थांबणं, दोन्ही मागच्या चाकांच्या जिवावर. ती घसरली की दोन्ही एकदम गेली! म्हणूनच पुस्तिकेत बहुधा १० ते १५ अंशांच्या वर चढ-उतार नको, ओलं गवत नको असं लिहिलेलं असतं. डोक्यामागची संरक्षक कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच. आणि लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही, एक फेरीसुद्धा नाही. गवत कापताना मुलं घरात हवीत, कारण पात्याखालून उडालेला खडा गोळीसारखा येतो. अमेरिकेतल्या वाचकांनी, ज्यांचं आवार एकर-दीड एकर आणि सपाट आहे, त्यांनी झीरो-टर्न खुशाल घ्यावं. पण आधी उतार मोजावा, मगच किंमत विचारावी.

वाल्डॉर्फला परतल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नेहमीच्या लहान झीरो-टर्नची कापण्याची रुंदी साधारण एक मीटर, वजन अडीच-तीनशे किलो, किंमत हजारो युरो. माझं गवत तीन-चार मिनिटांत संपणार. यंत्र बाहेर काढायलाच दहा मिनिटं! आणि बागेचं फाटक? नव्वद सेंटिमीटर! विषयच संपला.

ढकलायचं बॅटरीचं यंत्र ३७ सेंटिमीटर रुंदीचं. फेऱ्या थोड्या एकमेकींवर धरल्या तरी चालणं साधारण एक किलोमीटर, वेळ अर्धा तास. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १४४ वॉट-तास. गवत दाट असेल तर ती मध्येच दमते, म्हणून दोन घेतल्या. रोबोटचाही विचार केला होता. पण रात्री साळिंदराचा धाकटा भाऊ शोभावा असा इथला काटेरी जाहक बागेत येतो, आणि तो पळत नाही, अंगाची गुंडाळी करून बसतो. त्यामुळे काही जर्मन शहरांनी रोबोटला रात्रीची बंदीच केली आहे.

पहिल्या रविवारी मी उत्साहानं यंत्र सुरू केलं. कुंपणापलीकडच्या आजीबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसतं मनगटावर बोट ठेवून 'झोनटाग' म्हणाल्या. रविवार! २००२ च्या आवाजविषयक नियमानुसार वस्तीत रविवारी आणि सुटीच्या दिवशी गवत कापायला मनाई, इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ बंद. काही गावांत दुपारची विश्रांतीही असते. मी ओशाळलो. शनिवारी आजीबाईंनीच शिकवलं: इथली माती रेताड, लवकर सुकते, उन्हाळ्यात पाच सेंटिमीटरपेक्षा आखूड कापू नकोस, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको.

पुढच्या मे महिन्यात नाना आले. त्यांनी एक फेरी मारली, वळून आपली रेघ बघितली आणि म्हणाले, "सरळ आली की रे!"

मुलगा ओट्यावर बसून बघत होता. यंत्र थांबल्यावरच तो खाली उतरला.