म्हातारपणीचे ताट



"म्हातारपणी काय लागतं रे? वाटीभर भात आणि कपभर चहा, झालं!" हे बोलणे आपण सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकलेले असेल. गेल्या दिवाळीत मी ते माझ्या आत्याच्या तोंडून ऐकले. आत्याचे वय ७४. एके काळी डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीची चढण चढणारी ही बाई. आता पाटावरून उठायचे तर एक हात भिंतीला आणि दुसरा सूनबाईच्या खांद्यावर. "वय झालं आता," असे ती म्हणाली, घरचेही म्हणाले आणि खरे सांगायचे तर मीही मनात तेच म्हटले.

पण मी पडलो अर्थशास्त्राचा मास्तर. डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे, पण जमाखर्च मांडायची खोड काही जात नाही. चार दिवस मुक्काम होता. तेवढ्यात आत्या दिवसभरात काय काय खाते, ते एका वहीत टिपून ठेवले. सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारी आमटीच्या पाण्यात भिजवलेली अर्धी भाकरी आणि थोडा वरणभात. वरण इतके पातळ की वाटीचा तळ दिसावा. चार वाजता पुन्हा चहा आणि दोन टोस्ट. रात्री मऊ भात आणि पातळ ताक. सोमवारी आणि एकादशीला साबुदाणा. डाळ पचत नाही, दात नाहीत म्हणून उसळ नाही, आणि दुधाचे विचारले तर म्हणाली, "नातवाच्या वाट्याचं दूध मी कशाला पिऊ? त्याला वाढायचंय."

मंडळी, या शेवटच्या वाक्यात आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्यांचे मन आहे. आपले दिवस सरले, आता आपला घास कमी करावा, हे ते प्रेमाने करतात. आणि आपणही ते तितक्याच सहजपणे मान्य करून टाकतो.

आता शरीराचा हिशेब पाहू. आपल्या अंगातले स्नायू हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असतात. तिशी उलटली की ते हळूहळू झिजू लागतात. दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के. साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाचीही झीज सुरू झालेलीच आहे, फक्त ती अजून जाणवत नाही. स्नायू कमी झाले की उठायला-बसायला त्रास होतो, तोल जातो, माणूस पडतो. हाडेही ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले की हिंडती-फिरती बाई खाटेला खिळते, आणि पुष्कळदा तिथून पुन्हा उठत नाही.

ही झीज अजिबात थांबवता येत नाही. पण तिचा वेग कमी करता येतो, आणि त्याला दोन गोष्टी लागतात : पोटात पुरेशी प्रथिने आणि अंगाला थोडी मेहनत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वय झालेल्यांना किलोमागे १ ग्रॅम तरी मिळावीत, असे पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. कारण उतारवयात शरीर मिळालेल्या प्रथिनांचा पूर्वीइतका चांगला उपयोग करून घेत नाही. आत्याचे वजन ४८ किलो. म्हणजे रोज ४८ ग्रॅमच्या आसपास हवीत. वहीतला हिशेब केला, तर बेरीज जेमतेम २५ झाली. उपासाच्या दिवशी त्याहूनही कमी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळ पदार्थ. त्यातल्या त्यात दाण्याचा कूट असतो म्हणून बरे. जमा निम्मी आणि खर्च पुरा, अशा घराचे काय होते ते सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, पण कमी खाणारा जास्त जगतो असं म्हणतात ना?" त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातले मॅके यांनी १९३५ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कमी अन्नावर वाढवलेले उंदीर जास्त जगले. परंतु त्या उंदरांचे अन्न मोजके असले तरी त्यात जीवनसत्त्वे, क्षार, प्रथिने यांची उणीव ठेवलेली नव्हती. हा अर्धा भाग आपण विसरतो. वय वाढले, श्रम कमी झाले, तर भात, साखर, तूप, तळण कमी करावे हे ठीकच. चाळिशी-पन्नाशीत तर ते करायलाच हवे, नाहीतर मधुमेह आणि रक्तदाब दारात उभेच आहेत. पण वरण, दूध, भाजी, फळ यांना कात्री लावू नये. ताट लहान करावे, पण त्यातले कसदार अन्न काढून घेऊ नये.

मग हे आणायचे कुठून? यासाठी डबाबंद पावडरी विकत आणायची गरज नाही. १०० ग्रॅम तूरडाळीत किंवा मूगडाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यातही जवळपास तितकीच, ज्वारीत सुमारे १०. एका अंड्यात ६, पेलाभर दुधातही साधारण तेवढीच. शिवाय ज्वारी-बाजरीत आणि तांदळात लायसीन नावाचा जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. आपल्या आज्यांनी पिठले-भाकरीची आणि वरण-भाताची जोडी जमवली ती किती योग्य होती, ते यावरून कळते.

दात नसतील तर अन्न सोडू नये, अन्नाचे रूप बदलावे. घट्ट वरण, मऊ पिठले, मोड आलेले मूग शिजवून घोटलेले, दह्यात कालवलेला दाण्याचा कूट. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. तिचे आंबील किंवा सत्त्व दुधात करावे. चालत असेल त्यांनी अंडे घ्यावे, काटे काढलेली मासळी घ्यावी. उपासाला वरीचा भात आणि दाण्याची आमटी साबुदाण्यापेक्षा चांगली. सकाळी थोडा वेळ उन्हात बसावे. आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, कारण म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. मात्र लोणचे-पापड बेताने. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चमच्याच्या आत असावे.

एक सूचना. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज प्रथिने वाढवू नयेत. आणि कारण नसताना वजन उतरत असेल, तर ते वयावर ढकलू नये, तपासून घ्यावे.

आत्यालाही आम्ही आधी डॉक्टरांना दाखवले. मोठा रोग काही निघाला नाही. मग सूनबाईने वरण घट्ट केले, खारीऐवजी सकाळी नाचणीचे सत्त्व आणि दुपारी वाटीभर दही सुरू केले. दुधाचा प्रश्न नातवानेच सोडवला. "आजी पिईल तेवढंच मी पिणार," असा हट्ट त्याने धरला. तोच तिला रोज खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करायला लावी आणि मोठ्याने मोजी. आषाढात मी पुन्हा गेलो. पाटावरून उठताना अजून भिंत लागते. पण खुर्चीवरून ती हात न टेकता उठली आणि मला पोचवायला अंगणाच्या फाटकापर्यंत एकटी आली.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात बेरजा-गुणाकार शिकवता, तेव्हा एकदा मुलांना हा हिशेब घालून पाहा. आजी-आजोबांनी काल काय खाल्ले ते लिहून आणा म्हणावे, आणि फळ्यावर त्याची बेरीज मांडा. मुले घरी जाऊन आजीच्या ताटात डोकावतील. आज रात्री जेवायला बसताना आपणही तेवढे करावे.