माणसांचा व्यापार, शासन आणि आपण

तथागत भगवान बुद्धांनी उपासकांना सम्यक आजीविका समजावून सांगताना पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्तात त्यांची यादी आहे: शस्त्रांचा व्यापार, सत्त्वांचा म्हणजे जिवांचा व्यापार, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार. यांतील दुसऱ्या व्यापाराचा अर्थ अट्ठकथेने 'माणसांची विक्री' असा केला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याचे नाव घेऊन निषेध झाला, तो व्यापार आजही बंद झालेला नाही. तो कुठे दूरदेशी चालतो असेही नाही. ज्या लोकलने आपण घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीहून रोज कामावर जातो, त्याच लोकलने त्याची 'मालवाहतूक' होत असते.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका साध्या प्रसंगाने. आम्ही उपनगरातील एका बँकेच्या शाखेत कारकून आहोत. काही वर्षांपूर्वी एक मुलगी दर महिन्याला आमच्या काउंटरवर येत असे. खात्याच्या अर्जावर वय अठरा पूर्ण असे लिहिलेले होते. दिसायला ती त्याहून लहान वाटे. ती कुणाच्या घरी कामाला होती. तिच्यासोबत गावाकडची म्हणवणारी एक बाई असे. स्लिप ती बाई भरी, अंगठा मुलगी उठवी आणि पैसे बाई मोजून घेई. आम्ही मुलीला काही विचारले, तर "साहेब, ती लाजते, मला विचारा," असे उत्तर मिळे. एकदा ती बाई दुसऱ्या खिडकीवर गेली असता मुलीने हळूच विचारले, "साहेब, पासबुकातले पैसे माझेच असतात ना?" आम्ही "हो" म्हणालो. तेवढ्यात बाई परत आली. आम्ही पुढचे टोकन पुकारले. त्यानंतर ती मुलगी पुन्हा आली नाही. नियमाप्रमाणे आमच्याकडून काहीच चुकले नव्हते. पण तो प्रश्न मनातून जात नाही. म्हणून या विषयावरचे कायदे, अहवाल आणि निकाल आम्ही जमेल तसे वाचले. त्यातून जे समजले ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहोत.

मानवी व्यापार म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी की, मानवी व्यापार म्हणजे वेश्याव्यवसाय. ही समजूत अपुरी आहे. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या आणि भारताने २०११ साली मान्य केलेल्या करारात याची व्याख्या आहे. तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग कृतीचा: माणसाला मिळवणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे. दुसरा साधनाचा: धाक, फसवणूक, आमिष किंवा त्याच्या असहायतेचा फायदा. तिसरा हेतूचा: शोषण, मग ते देहविक्रयाचे असो, वेठबिगारीचे असो, की अवयव काढून घेण्याचे. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर साधनाचा भाग सिद्ध करावा लागत नाही. तिची संमती होती, हा बचाव चालत नाही.

आपल्या संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये २०१३ साली याच धर्तीवर दुरुस्ती झाली. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आला आहे. आमच्या काउंटरवरची ती मुलगी या व्याख्येत बसत होती की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. ते तपासणे हे आमचे काम नव्हते. कळवणे मात्र आमचे काम होते.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

या प्रश्नावर आपल्या राज्यात शंभर वर्षांपासून समित्या बसत आहेत आणि कायदे होत आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई सरकारने १९२१ साली शहरातील वेश्याव्यवसायाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि १९२३ साली त्यासंबंधी कायदा केला. १९३४ साली मुंबई देवदासी संरक्षण कायदा आला. देवाला वाहिलेल्या स्त्रीचे लग्न त्याने कायदेशीर ठरवले आणि देवाला वाहण्याच्या विधीला गुन्हा ठरवले. तरीही प्रथा चालूच राहिली. सत्तरच्या दशकात गडहिंग्लज परिसरात देवदासींची चळवळ उभी राहिली. शेवटी २००५ साली महाराष्ट्राला देवदासी पद्धतीच्या निर्मूलनाचा नवा कायदा करावा लागला.

देवाला वाहिलेल्या मुली बहुतांशी कोणत्या समाजाच्या होत्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेली पोर पुढे कामाठीपुऱ्यात पोचायची, हा रस्ता आपल्याच वाड्या-वस्त्यांतून जात होता. परमपूज्य बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज यांच्या सभेत भाषण केले. धर्मांतर करून आपल्यासोबत यायचे असेल, तर हे जिणे सोडून द्या, लग्न करून संसार करा, असे त्यांनी कामाठीपुऱ्यातील भगिनींना स्पष्टपणे सांगितले. ते शब्द कठोर होते. पण त्यांत एक वचनही होते, की अशी स्त्री परत आली तर समाजात तिला जागा आहे. ते वचन पाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

शासन अभ्यास कसे करते?

शासनाकडे या प्रश्नाची माहिती मुख्यतः तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग पोलिसांच्या नोंदींचा. राज्यांनी पाठवलेल्या आकड्यांवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वार्षिक अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात देशात मानवी व्यापाराचे २,२५० गुन्हे आहेत. त्यांपैकी तेलंगणात ३९१ आणि महाराष्ट्रात २९५ आहेत. हे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. खातेवहीत नोंद झाली तरच व्यवहार दिसतो, हे बँकेत काम करणाऱ्याला ठाऊक असते. ज्या राज्यात गुन्हे जास्त नोंदले जातात तिथे गुन्हे जास्त घडतात असे नाही. कदाचित तिथले पोलीस अधिक तक्रारी लिहून घेत असतील.

दुसरा मार्ग खास पाहण्यांचा. १९९० साली विशाल जीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला व राज्यांना सल्लागार समित्या नेमण्यास सांगितले. त्यानंतर १९९१ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाने मुंबईसह सहा महानगरांची पाहणी केली. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००२-०३ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठा अभ्यास करवून घेतला. आय.पी.एस. अधिकारी डॉ. पी. एम. नायर त्याचे प्रमुख होते. त्यात चार हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या. केवळ पीडित स्त्रियांना न विचारता दलाल, कुंटणखान्याच्या मालकिणी, गिऱ्हाइके आणि पोलीस अधिकारी यांनाही प्रश्न विचारले गेले. हरवलेल्या व्यक्ती आणि मानवी व्यापार यांचा संबंध या अभ्यासाने पुढे आणला.

तिसरा मार्ग न्यायालयांचा. तिथे शासनाच्या समजुती पुराव्याला लागतात. डान्सबारचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २००५ पासून राज्य शासनाने बारमधील नाचावर बंदी घातली. तारांकित हॉटेलांना मात्र सूट होती. बंदीच्या समर्थनार्थ मानवी व्यापाराचेही कारण सांगण्यात आले. उच्च न्यायालयापुढे बारबालांविषयीचे अभ्यास आले, त्यांत एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या अभ्यासाचाही समावेश होता. उच्च न्यायालयाने २००६ साली बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. बंदीमुळे ७५,००० हून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्या आणि त्यांतील अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले, असे निकालात नमूद आहे. अभ्यास आधी आणि उपाय नंतर, हा क्रम उलटला की ज्यांच्या नावाने कायदा करायचा, त्यांनाच तो लागतो.

धाड आणि त्यानंतर

शासनाचा सर्वांत ठळक उपाय म्हणजे धाड. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलींच्या विक्रीची स्वतःहून दखल घेतल्यावर पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठी धाड घालून चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. सुटका एका दिवसात झाली. त्यांना ठेवायचे कुठे आणि परत न्यायचे कुणी, हा प्रश्न महिनोन् महिने सुटला नाही. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढे येऊन १२८ मुलींना मायदेशी नेले.

पुढचे दोन धडे आपल्या उपनगरांतूनच मिळाले. २००२ साली सांताक्रूझ येथील धाडीत सापडलेल्या मुलींसंबंधी 'प्रेरणा' ही संस्था उच्च न्यायालयात गेली. आरोपींचा वकीलच सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभा राहून त्यांना सोडण्याची मागणी करतो, असे तिथे घडले होते. न्यायालयाने याला मनाई केली. अल्पवयीन मुलीला आरोपी न समजता काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक समजावे आणि तिला बालकल्याण समितीपुढे न्यावे, असे आदेश दिले. दुसरा निकाल सप्टेंबर २०२० चा. मालाड येथील धाडीत सापडलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहात डांबून ठेवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर बालकाला संरक्षण द्यावे आणि सज्ञान स्त्रीला तिची इच्छा विचारावी, हे सूत्र हाती येते.

आपल्यासाठी राखलेल्या जागा

आतापर्यंत शासनाविषयी लिहिले. पण कायदे वाचताना आम्हाला एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. या कायद्यांनी साध्या नागरिकांसाठी जागोजागी जागा राखून ठेवल्या आहेत.

'पिटा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५६ च्या कायद्याचे कलम १५ पाहा. धाडीपूर्वी अधिकाऱ्याने दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे आणि त्यांत किमान एक स्त्री असावी, असे त्यात म्हटले आहे. कलम १७ प्रमाणे, सुटका झालेल्या व्यक्तीविषयी निर्णय देताना मॅजिस्ट्रेटला मदत करण्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ असते आणि त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्याच्या कलम १३ नुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती हवी. तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे तीन रहिवासी, दोन सामाजिक कार्यकर्ते आणि वित्तसंस्थांचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे आपल्या समाजाची आणि बँकेचीही जागा तिथे लिहून ठेवली आहे. आमचे उपनगर १९९० पासून स्वतंत्र जिल्हा आहे. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. समितीवर कोण आहे, हे विचारायला आपल्यापैकी किती जण तिथे गेले? आम्हीही गेलो नव्हतो. पंच म्हणून बोलावणे आले तर "कोर्टाच्या खेपा कोण घालणार?" असे म्हणून दार लावून घेणारे आपणच असतो.

म्हणून संस्थेपुढे काही सूचना ठेवतो. पंच म्हणून उभे राहण्यास तयार असलेल्या सभासदांची, विशेषतः महिला मंडळातील भगिनींची, यादी करून ती आपल्या पोलीस ठाण्यात द्यावी. कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी दक्षता समितीविषयी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. वस्तीतील मूल हरवले तर "दोन दिवस वाट पाहू" असे कुणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावेत. आणि एखादी लेक परत आली, तर तिच्या आईच्या दारात चौकशीला जमण्याऐवजी तिचे शाळेत नाव घालायला किंवा तिला काम मिळवून द्यायला आपण जावे.

अंगठा उठवून पैसे काढणारी एखादी मुलगी आजही अधूनमधून काउंटरवर येते. आता आम्ही सोबतच्या माणसाला थोडे बाजूला थांबायला सांगतो आणि मुलीलाच विचारतो, "ताई, तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे ते सांगू का?" रांगेतले लोक कुरकुर करतात. पण त्या पहिल्या मुलीला आम्ही हा प्रश्न विचारला नव्हता, याची आठवण ठेवून आम्ही ती कुरकुर सोसतो.

जय भीम. सब्बे सत्ता सुखी होन्तु.