ब्रिस्टलचे पत्र : सही कोण करतो?

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरबसल्या ढोरांची डॉक्टरीण होतेस म्हणे?" यातले काहीच खरे नाही. मी शिकते ते व्हेटरनरी नर्सिंग, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यातली परिचर्या. घरी बसून त्यातले फक्त पुस्तक होते. शरीररचना, औषधांच्या मात्रा, निर्जंतुकीकरण हे लॅपटॉपवर येते. पण रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सच्या यादीत नाव लागायचे तर मान्य दवाखान्यात निदान १,८०० तास उभे राहून काम करावे लागते, आणि शेवटी परीक्षकासमोर एकेका टेबलाशी जाऊन ते करूनही दाखवावे लागते.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. इथे इंटरनेट व्याख्यानांपेक्षा हातांचा हिशेब ठेवायला जास्त कामी येते. भूल दिलेल्या कुत्र्याचा श्वास मोजला, मांजराच्या पायात सलाइनची सुई बसवली, की ऑनलाइन नोंदवहीत लिहायचे. दवाखान्यातली एक अनुभवी नर्स, जिला क्लिनिकल कोच म्हणतात, ते काम डोळ्यांनी पाहते आणि मगच मान्य करते. तिचे समाधान झाले नाही तर मी कितीही पाठ केलेले असो, तो रकाना पुढे सरकत नाही.

हे सगळे इतके नीट असूनही कधी कधी माझा जीव वैतागतो. माझ्याबरोबरच्या मुली हुशार आहेत, कुत्र्याच्या मणक्यांची संख्या झोपेत सांगतील. पण त्यांतल्या काहींनी गाय कुंपणापलीकडूनच पाहिली आहे. पशुवैद्यक शिकणाऱ्यांचीही हीच अडचण. ती ओळखून, पुढे ब्रिस्टल विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या सारा बेली यांनी 'हॅप्टिक काऊ' बनवली. फायबरच्या अर्ध्या गाईत विद्यार्थ्याने हात घालायचा. आतले यंत्र गर्भाशयाचा स्पर्श हाताला देते आणि हात कुठे पोहोचला हे शिक्षकाला पडद्यावर दिसते. खऱ्या गाईत हात गेला की शिक्षकाला काहीच दिसत नाही, म्हणून ही युक्ती मोलाची. तिचे वर्णन वाचताना मला सारखे वाटत होते, ही आमच्या बालाघाटकडच्या लांजी-बैहरला का नाही? मग लक्षात आले, तिथे तर खऱ्या गाई दाराशी आहेत. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात १.८७ कोटी गाई-बैल मोजले गेले. आमच्याकडचे दहा वर्षांचे पोर उधळलेल्या गोऱ्ह्याची वेसण धरते. माझी मावशी गाईच्या कानाला हात लावून ताप ओळखते आणि थर्मामीटर बहुतेक वेळा तिच्याच बाजूने बोलतो. हात आहेत, नजर आहे. त्यांवर सही करणारे कोणी नाही.

आणि जे सही करतात ते गाय पाहत नाहीत. माझ्या मावसभावाने वारासिवनीत बसून कुठल्याशा संस्थेचा 'पशुचिकित्सा सहायक' असा ऑनलाइन कोर्स केला. फी भरली, चित्रफिती पाहिल्या, पर्यायी उत्तरांवर खुणा केल्या. रंगीत प्रमाणपत्र फोनवर आले. त्याने मला विचारले, "ताई, यात गाय कुठं आहे?" त्याच्या त्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. या कागदाने त्याला कायद्याने काहीच मिळालेले नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे. राज्य सरकारने परवानगी दिलेले पदविका-प्रमाणपत्रधारक त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देऊ शकतात, एवढेच. हे त्या मुलाला फी घेण्याआधी सांगायला हवे होते.

म्हणून म्हणते, विलायतेची नक्कल करायची तर अर्धी करू नका. आपल्याकडे चांगला सांगाडा आहे. राष्ट्रीय गोकुल मिशनमध्ये 'मैत्री' कार्यकर्त्यांना कृत्रिम रेतन शिकवतात ते तीन महिने: एक वर्गात, दोन प्रत्यक्ष जनावरांवर. मध्य प्रदेशातले गोसेवक गावोगाव हिंडतात. 'मैत्री'चा वर्गातला महिना खुशाल फोनवर न्या. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, वीर्याची कांडी कोमट पाण्यात किती वेळ धरायची, सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी का भरवायची, हे हिंदी-मराठीत, कोठ्यात बसून, दहादा ऐकता येईल. पण पुढचे दोन महिने कमी करू नका. उलट वाढवा, आणि प्रत्येक गाईची नोंद डॉक्टरच्या सहीने ठेवा. कांडीतले वीर्य गर्भाशयाच्या मुखापलीकडे नेमके कुठे सोडायचे हे डाव्या हाताच्या बोटांनाच कळते. ते चुकले तर शेतकऱ्याचे पुढच्या माजापर्यंतचे एकवीस दिवस जातात, गाईला इजा होऊ शकते ती वेगळीच.

इथल्यांनीही आमच्याकडून घ्यावे असे आहे. इथे मालकाला बहुधा बाहेर बसवतात, जनावर आम्ही धरतो. मावशीची गवळाऊ गाय तर मावशी डोक्याशी उभी नसेल तर कोणाला शेपटीलाही हात लावू देत नाही. मावशी तिच्या मानेखाली खाजवत राहते तोवर इंजेक्शन होऊन जाते. हे मी कोचला सांगितले तेव्हा तिने मनापासून ऐकले. दवाखान्याचा नियम अर्थात बदलला नाही.

मावसभावाला मी एक साधा तक्ता करून पाठवला: ताप घेणे, दावणीला नीट बांधणे, कासेच्या दगडीसाठी दुधाची तपासणी, वासराची नाळ स्वच्छ करणे. शेजारी तारीख आणि सहीची जागा. तक्ता घेऊन तो सरकारी डॉक्टरसाहेबांबरोबर हिंडतो, सुई अजून हातात घेत नाही. साहेबांना सह्यांची सवय नाही, पण त्यांनी तक्ता नीट वाचला. तीन रकान्यांवर सही केली. दुधाच्या तपासणीपुढे काट मारून म्हणाले, चारही सडांचे वेगवेगळे घ्यायचे असते, उद्या पुन्हा करून दाखव.